हवालदारापुरता विमा

गाडीचा विमा कशासाठी काढायचा? नाक्यावर हवालदाराने हात केला की मोबाइलवर पीडीएफ उघडून दाखवण्यासाठी. एवढे एकदा मनाशी पक्के करा, पुढचे सगळे निर्णय आपोआप सोपे होतात. विनाविमा गाडी पहिल्यांदा सापडली तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडली तर दंड ४,०००. तेव्हा २,००० रुपये वाचवायला जेवढी पॉलिसी लागते तेवढीच घ्यावी.

ती म्हणजे थर्ड पार्टी, फक्त दुसऱ्याचे नुकसान भरून देणारी. तिचे दर सरकार ठरवते, त्यामुळे घासाघीस करायचा त्रासही नाही. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७, कर वेगळा. तुमच्या गाडीमुळे रस्त्यावरचे कोणी दगावले किंवा जखमी झाले तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई कंपनी देते, तिला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान ७.५ लाखांपर्यंत. तुमच्या गाडीच्या पत्र्याचे? शून्य. गाडी चोरीला गेली, जळाली, पुरात बुडाली? शून्य. शेजारच्या सीटवर बसलेली तुमची आई? कायद्यापुरत्या पॉलिसीत खासगी गाडीत फुकट बसलेले प्रवासी येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगून झाले आहे. पण आईला तरी कुठे रोज बाहेर जायचे असते.

पॉलिसी भरताना मध्येच मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा डोके वर काढतो. तो सक्तीचा आहे, पण खाली एक सोयीची चौकट असते: ‘माझ्याकडे असा विमा आधीच आहे.’ तिच्यावर टिचकी मारा. असेल किंवा नसेल, काहीशे रुपये तर वाचले. त्याहून हुशारी दाखवायची असेल तर गाडी बायकोच्या नावावर घ्या, चालवा मात्र तुम्ही. हे संरक्षण नोंदणीकृत मालकाला असते, तेही त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तर. म्हणजे हप्ता बायकोच्या नावाने जात राहील आणि स्टिअरिंगमागे बसलेल्या तुम्हाला त्यातला रुपयाही लागू होणार नाही.

नवी गाडी घेताना डीलर जे कागद देतो ते वाचू नका. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर मोठ्या अक्षरांत तीन वर्षांनंतरची तारीख दिसते, तिच्याकडे पाहून निश्चिंत व्हावे. तेराव्या महिन्यात खांबाला धडकलात की दुसरी, बारीक अक्षरांतली तारीख कोणीतरी दाखवेलच.

कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या गाडीचे नुकसानही धरणारी पॉलिसी घ्यायचेच ठरवले असेल, तर वेबसाइटवरची आयडीव्हीची पट्टी डावीकडे ओढा. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर कंपनी देणार ती रक्कम. ती शोरूमच्या किमतीवरून घसारा वजा करून काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. दहा लाखांच्या अडीच वर्षांच्या गाडीची आयडीव्ही सात लाख बसते. ती साडेपाच लाखांवर आणली की हप्ता थोडा उतरतो आणि मन प्रसन्न होते. गाडी चोरीला गेली तर दीड लाख गेले, इतकेच. यात आणखी एक गंमत आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. सात लाखांवर ही रेघ सव्वापाच लाखांना येते, साडेपाच लाखांवर ४,१२,५०० रुपयांना. म्हणजे साडेचार लाखांत नीट होणारी गाडी तुम्ही स्वतःच्या बोटाने भंगारात ढकलली. नोंदणी आणि रोड टॅक्सचे पैसे आयडीव्हीत धरलेलेच नसतात. तेही परत मिळवून देणारे ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ नावाचे ॲड-ऑन (जादा पैसे भरून पॉलिसीला लावायची जोड) असते, पण ते साधारण गाडी नवी असेपर्यंतच मिळते, आणि नव्या गाडीला काय होणार आहे?

झिरो डेपच्या, म्हणजे सुट्या भागांवरचा घसारा कापू न देणाऱ्या ॲड-ऑनच्या, चौकटीवरची खूण तर आधी काढा. ‘कॅशलेस’ म्हणजे खिशातून काही जात नाही, अशी समजूत बाळगून वर्कशॉपमध्ये जाण्यात जी मजा आहे ती झिरो डेप घेतल्यावर राहत नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के घसारा कापतात, फायबर ग्लासवर ३०, काचेवर काही नाही. पत्र्याचा दर गाडीच्या वयाने वाढतो: चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के. रंगकामाच्या बिलातला पाव भाग सामान धरून त्याच्या निम्मे कापतात.

समजा गाडी साडेचार वर्षांची आहे आणि समोरून ठोकली. बंपर १२,०००, बॉनेट १४,०००, रंगकाम १२,०००, मजुरी ६,००० आणि कूलंट, क्लिपा, नट-बोल्ट यांचे ८००. बिल ४४,८००. आता तुमच्या वाट्याला बंपरचे ६,०००, बॉनेटचे ४,९००, रंगाचे १,५००, नट-बोल्टचे सगळेच्या सगळे ८०० (कारण कन्झ्युमेबल्सचे ॲड-ऑन वेगळे असते) आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे सक्तीने भरायचे १,०००. एकूण १४,२००. झिरो डेप असते तर यातले १२,४०० कंपनीने भरले असते. हल्लीच्या गाडीचा पुढचा अर्धा भाग प्लास्टिकचाच असतो, हे लक्षात आणून देणाऱ्या एजंटाला ‘तुमचं कमिशन किती?’ असे विचारून गप्प करावे.

पावसाळ्यासाठी खास सल्ला. तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली की लगेच स्टार्टर मारा. पुन्हा मारा. एअर इनटेकमधून सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्व्हेअर इंजिन उघडून बघतो आणि लिहितो: परिणामी नुकसान, पॉलिसीत समाविष्ट नाही. पाणी शिरणे हा अपघात होता, स्टार्टर मारणे हा तुमचा निर्णय. घाबरट माणसे अशा वेळी किल्लीला हातच लावत नाहीत. बॅटरीची तार काढतात, कंपनीला फोन करतात आणि गाडी उचलून वर्कशॉपला नेतात. शिवाय इंजिनाचे असे नुकसान भरून देणारे ‘इंजिन प्रोटेक्ट’ ॲड-ऑनही त्यांनी आधीच घेतलेले असते.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात मिळणारी सूट, ही जपून ठेवायची वस्तू नाही. तो २०, २५, ३५, ४५ असा चढत पाचव्या वर्षी ५० टक्क्यांवर पोचतो, आणि एका क्लेममध्ये शून्यावर येतो. म्हणून दारावर ओरखडा दिसताच ३,००० रुपयांचा क्लेम टाका. स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता १२,००० असेल आणि तेवढाच राहिला असे धरले, तर पुढच्या पाच वर्षांत पन्नास टक्क्यांच्या मानाने ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० जास्त भराल. एकूण १५,०००. ओरखडा मात्र गेलेला असेल. एवढेही जमणार नसेल तर पॉलिसीची मुदत संपू द्या आणि ९० दिवस काही करू नका; बोनस एकही क्लेम न करता जातो. नव्या कंपनीला मागच्या वर्षीचा क्लेम सांगू नका. ती जुन्या कंपनीकडे विचारणा करते, बहुधा नेमकी तुमचा मोठा क्लेम आल्यावर.

सीएनजी किट बाहेरून बसवले असेल तर ते आरसीवर चढवायला आरटीओत आणि पॉलिसीवर चढवायला कंपनीकडे कशाला जायचे? किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये वाचतात. खासगी पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडी मारा, क्लेमच्या अर्जात ‘घरगुती प्रवास’ लिहा. दुसरी चावी हरवली असेल तर कोणाला सांगू नका. चोरीनंतर कंपनी दोन्ही चाव्या, एफआयआर आणि तपास लागला नसल्याचा पोलिसांचा अहवाल मागते, तेव्हा सांगायला वेळच वेळ असतो.

आणि जुनी गाडी घेतलीत, तर आरसी नावावर झाली की काम संपले असे समजा. पॉलिसी नावावर करायला १४ दिवस मिळतात, ते सत्यनारायणाला वापरा. थर्ड पार्टीचा भाग कायद्यानेच तुमच्यामागे येतो. स्वतःच्या नुकसानीचा येत नाही. गाडी ठोकल्यावर कंपनी म्हणेल, आमचा तुमच्याशी करारच नाही. जुना मालक म्हणेल, गाडी माझी नाही. दोघेही खरेच बोलत असतात. पॉलिसीवर छापलेला ५० टक्के बोनस पाहून तुम्ही सौद्यात दोन पैसे वाढवून दिले असतील, तर तो गाडीचा नव्हे, मालकाचा असतो. जुन्या मालकाने कंपनीकडून त्याचे पत्र घेतले असेल आणि तीन वर्षांच्या आत तो आपल्या नव्या गाडीला लावूनही टाकला असेल.