बागेचं वजन

रविवारपासून मी आमच्या भागातल्या भंगारवाल्याशी बोलत नाही. त्याला हे अजून कळलेलं नाही, कारण त्याआधीही आमचं बोलणं फारसं नव्हतंच. पण मी बोलत नाही.

घर जुळे सोलापुरात. पुढे १५ बाय २० फुटांची मोकळी जागा. फेब्रुवारीत एका लँडस्केपवाल्याला बोलावलं होतं. त्याने टॅबवर चित्र दाखवलं: लॉन, पांढरे गोटे, मधोमध दगडी बुद्ध. ८५ हजार. बुद्धाचे वेगळे. मी विचारलं, लॉनला पाणी किती? म्हणाला, उन्हाळ्यात रोज दोन वेळा. आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. उजनी धरणाहून शंभरएक किलोमीटर पायी आल्यासारखं दमून येतं, आणि ज्या रात्री येणार असतं त्या रात्री सगळी गल्ली लग्नघरासारखी जागी असते. ते पाणी मी गवताला पाजू? आणि त्या गोट्यांचं तर नावच काढू नका. मे महिन्यात ४३ डिग्रीला वरून ऊन आणि खालून गोटे. मधल्या रोपाची भाकरी होते. कडक भाकरी, पोत्यात भरून ठेवली तर महिनाभर टिकेल.

तेव्हा ठरवलं, बाग करायची ती टाकाऊतून. आणि सांगायला अभिमान वाटतो (रविवारपर्यंत वाटत होता) की विकत असं मी जवळजवळ काही आणलं नाही. आमच्या भागात दर महिन्याला कुणीतरी धडधाकट बाथरूम फोडून नवं करतं, त्यामुळे फरशा फुकट. त्या तुकड्यांची पायवाट केली, सिमेंट न घालता, नुसत्या दगडी कचेवर. कारण आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. सिमेंटमध्ये पक्क्या केलेल्या फरश्या दुसऱ्या वर्षी दातांसारख्या वर येतात. जुन्या कूलरची टाकी, त्यात गवती चहा. कूलरच्या ताट्यांतलं गवत कुंड्यांवर आच्छादनाला. चार टायर, पिवळे रंगवलेले, त्यांत फक्त शोभेची झाडं, कारण तापलेल्या रबरातली मेथी मी स्वतः खाणार नाही. संक्रांतीची सुगडं मिरचीच्या बुंध्याशी गळ्यापर्यंत पुरली. माती कोरडी पडली की मातीच्या मडक्यातून पाणी आपसूक पाझरतं. मोठं मडकं आठवडा काढतं, सुगड जेमतेम दोन दिवस. पण आमच्याकडे सुगडं होती. आईने ते पाहिलं आणि चार दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

सगळ्यात लाडका भाग म्हणजे जॅकार्डची कार्डं. चादरीवरचा मोर मागावर उमटतो तो या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांवरून. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, एका फेकीला एक कार्ड, अशी शेकड्याने कार्डं दोऱ्याने ओवून माळ केलेली असते. शेजारच्या अक्कांच्या माळ्यावर एक माळ पडली होती. ती वाफ्यावर अंथरली, वर उसाचं पाचट. खाली तण उगवत नाही, ओल टिकते, आणि पावसाळा संपेपर्यंत पुठ्ठा मातीत जिरून जातो. माझ्या वाफ्याखाली एक आख्खा मोर पुरलेला आहे. अक्कांनीच सहा जुने धोटे दिले, मागावर बाण्याचा धागा इकडून तिकडे नेतात ते. ते भिंतीवर आडवे ठोकून त्यांच्या पोटात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून बोटाएवढे निवडुंग लावले.

आता एक गोष्ट मान्य करतो. रविवारी मृग लागायला आठवडा बाकी होता. अशा वेळी तयार केलेली बाग बागेसारखी दिसत नाही. झेंडू, तेरडा, गोकर्ण, सगळं बियांच्या पुड्यांत. दिसतं ते फक्त पाचट, टायर आणि कूलर. आणि सोलापूरचा मृग म्हणजे ढगांनी येऊन हजेरी लावायची आणि तोंड लपवून लातूरकडे निघून जायचं. खरा पाऊस सप्टेंबरात. वर्षाचा मिळून तसा बेताचाच, त्यातला मोठा वाटा परतीचा. म्हणजे बाग दिसायला मला अजून तीन महिने लागणार होते. तेवढा धीर त्या माणसाला नव्हता.

सकाळी साडेआठला त्याची गाडी आली. वर लावलेला भोंगा, त्यात त्याचाच आवाज भरलेला, 'लोखंड, पत्रा, पिलाष्टिक, जुना कूलर, टीव्ही, बाटली'. फाटकाशी भोंगा बंद झाला. मी सुगडांत पाणी घालत होतो.

"काका, कवा उचलायचं हे?"

"काय?"

"हे सगळं."

"ही बाग आहे."

त्याने मान उंच करून माझ्या डोक्यावरून घराच्या बाजूच्या बोळात पाहिलं. "मागं हाय का?"

"मागे नाही. हीच."

यावर एखादा माणूस ओशाळला असता. हा आत आला. गाडी लावली, फाटक उघडलं, चपला बाहेर काढल्या (हे मला जास्त लागलं, म्हणजे त्याला घराचा मान ठेवायचा होता, बागेचा नाही) आणि पायवाटेवरून अनवाणी चालत आला. दोन पावलांवर थांबला.

"फरशी फुटली की हो."

"फोडूनच बसवलीय."

"फोडून."

"हो."

"कुणी फोडली?"

"मी."

त्याने कंपाउंडच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे अक्का केव्हाच्या हाताची घडी ठेवून उभ्या होत्या. अक्कांनी त्याच्याकडे पाहून डोळे मिटले आणि उघडले. एखाद्या घरात बरेच दिवसांचा आजारी माणूस असला की येणाऱ्या पाहुण्याला आपण अशी खूण करतो.

मग त्याने रीतसर पाहणी सुरू केली. टायरला पायाने ढोसलं. "ह्याला कोण घेतंय. त्यात माती भरून आणखी खराब केलाव. रंग बी दिलाव. रंग दिला की भाव पडतो काका."

"मी चार महिने हेच सांगलालेय," अक्का. अक्कांनी चार महिन्यांत रंगाविषयी एक अक्षर काढलेलं नव्हतं. उलट पिवळा त्यांनीच सुचवला होता.

कूलरपाशी तो जरा हळवा झाला. पत्र्यावरून हात फिरवला. मग खाली वाकून बघितलं. "चांगला पत्रा होता. भोकं पाडलाव."

"पाणी निघून जायला पाडलीत. साचलं तर मुळं कुजतात. शिवाय आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात."

"पाणी काढूनच टाकायचं व्हतं तर भरलाव कशाला?"

पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात या प्रश्नाला उत्तर नाही. निचरा, मुळांना हवा, सगळं मला माहीत आहे, पण ते सांगायला तोंड उघडलं आणि बादलीबादलीने जमवलेलं पाणी तळाला भोक असलेल्या भांड्यात ओतणारा माणूस मला स्वतःलाच दिसला. मी तोंड मिटलं. ही माझी पहिली चूक. गप्प बसलेला गिऱ्हाईक म्हणजे सौदा ठरला, असं त्या धंद्यात मानत असावेत. कारण यानंतर तो मोठ्याने हिशेब करू लागला. मी अजूनही हातात तांब्या घेऊन उभा होतो.

इथे मला थोडं बोलू द्या. आमची पुण्याची भाची याच गोष्टींना 'सस्टेनेबल' म्हणते. तिने मालाच्या जुन्या लाकडी पॅलेटचं बाकडं केलं, पैसे मोजून, आणि लोक चहा घेऊन त्याच्यावर बसतात आणि वा म्हणतात. तिच्या फाटकाशी कुणी भोंगा बंद करत नाही. पुण्यातला फुटका माठ म्हणजे अभिरुची आणि आमचा फुटका माठ म्हणजे फुटका माठ. याचा निकाल कोण लावतं, मला ठाऊक नाही, पण रविवारी तो माझ्याविरुद्ध लागला.

तर तो भिंतीपाशी आला आणि त्याला धोटे दिसले. एक उचकटला. निवडुंग अलगद काढून माझ्या तळहातावर ठेवला, जसं आपण खिशातली चिल्लर काढून कुणाला तरी धरायला देतो. धोट्याची लोखंडी टोकं नखाने वाजवली. बाजूच्या बारीक भोकावर बोट ठेवलं. आणि काही कळायच्या आत धोटा तोंडाला लावून सर्रकन श्वास ओढला. मागावर धाग्याची कांडी संपली की धोट्यात नवी घालून तिचा धागा त्या भोकातून असाच ओढून काढतात, तोंडाने. दिवसातून कितीदा, त्याला मोजदाद नाही. फक्त या धोट्यात धागा नव्हता, कोकोपीट होतं.

तो बराच वेळ थुंकत होता. मी हातातला तांब्या पुढे केला. त्याने चूळ भरली, मिरचीच्या बुंध्याशी टाकली (पाणी वाया नाही घालवलं, हे मी टिपलं) आणि हसला.

"चौदा वर्षं चालवलो माग. सवयच की."

"मग सोडलं का?"

"माग गेले. किलोवर गेले काका. बिडाच्या लोखंडाचा भाव तवा बरा व्हता." चूळ भरून झाल्यावर त्याने तांब्या परत दिला. "मीच उचललो. तवाच ह्या धंद्यात आलो."

हे तो कूलरच्या पत्र्याबद्दल बोलला त्याच आवाजात बोलला. अक्का भिंतीवरून आत गेल्या. त्यांच्या अंगणात एके काळी चार माग होते. मी हातात निवडुंग घेऊन उभा. मला काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मी विचारलं काय, तर "धोट्याला किती देशील?" चार दिवस झाले, मी रोज रात्री या वाक्यावर येऊन अडखळतो.

"धोट्याचे पैसे देतो की," तो म्हणाला. मग गाडीकडे बघत हिशेब पुरा केला. "लोखंड, पत्रा धरून ११० तुमाला. बाकी टायर, फरशी, राडारोडा, हे कचऱ्यात बी घेत नाहीत. ते उचलायचे ३८०. म्हणजे तुमी मला २७० द्यायचे."

८५ हजारांची बाग नको म्हणून केलेली माझी बाग उणे २७० रुपयांची निघाली. मी अत्यंत शांत आवाजात, इंग्रजी शब्द न वापरता, आच्छादन, ओल, मातीचा कस असं सगळं सांगायला घेतलं. तेवढ्यात दार उघडलं आणि बायको बाहेर आली. मला वाटलं, आली, आता ही सुनावणार त्याला.

"२७० जास्त होतात," ती म्हणाली. "२०० घ्या. आज नेता का उद्या?"

सौदा झाला नाही. मी टायरवर बसलो आणि उठलोच नाही. अर्धा तास. ऊन चढलं, टायर तापला, आणि शोभेच्या झाडांचे उन्हाळ्यात काय हाल होतात ते मला नीट कळलं. तो धोटा परत भिंतीला लावून गेला, माझ्यापेक्षा सरळ. निवडुंग तेवढा माझ्या हातात राहिला. संध्याकाळी काटे काढताना बायको चष्मा लावून म्हणाली, "तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

मंगळवारी सकाळी फाटकाबाहेर दोन टायर, अर्धं पोतं फरशीचे तुकडे आणि कडेला टवका उडालेलं एक बेसिन ठेवलेलं होतं. मी अक्कांना विचारलं.

"तोच ठेवून गेला की पहाटे. म्हणला, हे कुटंच खपत नाही, काकास्नी लागतंय."

मी ताबडतोब सगळं रस्त्यापलीकडे नेऊन ठेवणार होतो. टायर नेलेही. बेसिन मात्र उचलून बघितलं तर चांगलं जड, पांढरंशुभ्र, आणि तळाला भोक आयतंच.