मिस अमेरिका: आधी घोळ, मग नियम

सौंदर्यस्पर्धेचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एकाला ते बाईचं प्रदर्शन वाटतं, दुसऱ्याला संधी. दोघंही एक गोष्ट गृहीत धरतात, की कुणीतरी विचारपूर्वक बसून या स्पर्धेचे नियम आखले असणार. मिस अमेरिकेची पहिली वीस वर्षं नीट पाहिली तर तसं काही दिसत नाही. आधी घोळ व्हायचा, मग त्यावर नियमाचं ठिगळ लागायचं.

मुळात सगळी खटपट हॉटेलच्या रिकाम्या खोल्यांसाठी होती. न्यू जर्सीतलं अटलांटिक सिटी उन्हाळी पाहुण्यांवर जगायचं. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डेची सुट्टी असते. ती झाली की पाहुणे सामान बांधून घरी जायचे, हवा अजून छान असली तरी. १९२० मध्ये व्यापाऱ्यांनी सप्टेंबरअखेर एक उत्सव भरवला. बोर्डवॉकवर, म्हणजे समुद्रकाठच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर, वेताच्या ढकलखुर्च्या भाड्याने मिळत, तशा सुमारे ३५० खुर्च्या सजवून मिरवणूक काढली. खुर्चीत मुली, ढकलायला पुरुष. गर्दी जमली. पुढच्या वर्षी तारीखच अलीकडे ओढली: ७ आणि ८ सप्टेंबर १९२१. लेबर डे त्या वर्षी ५ तारखेला होता. म्हणजे सुट्टीला आलेला माणूस आणखी तीन रात्री खोली सोडणार नाही, असा साधा हिशेब.

मुली आणल्या वर्तमानपत्रांनी. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग अशा शहरांतल्या पेपरांनी वाचकांकडून फोटो मागवले, त्यातून निवड केली आणि आपापल्या शहराची सुंदरी पाठवली. पेपरचा खप वाढला, गावाला फुकट जाहिरात मिळाली. एवढं करून प्रत्यक्ष स्पर्धक जेमतेम आठ-नऊ.

‘वॉशिंग्टन हेरल्ड’ने मार्गारेट गॉर्मनला निवडलं तेव्हा ती १५ वर्षांची होती, स्पर्धेपर्यंत नुकती १६ झाली. उंची ५ फूट १ इंच, वजन १०८ पौंड (म्हणजे ४९ किलो), मापं ३०-२५-३२. ती जिंकली, सोनेरी जलपरीची ट्रॉफी घेऊन घरी गेली. पण तेव्हा तिला कुणी ‘मिस अमेरिका’ म्हटलं नव्हतं. १९२२ मध्ये ती पुन्हा आली, तोवर ‘मिस वॉशिंग्टन’ची पट्टी, म्हणजे किताबच, दुसऱ्याच मुलीच्या खांद्यावर गेलेला. मग हिला काय म्हणायचं? म्हणून ‘मिस अमेरिका’! जगभर गाजलेला हा किताब एका पट्टीच्या अडचणीतून निघाला आहे. पुढे म्हातारपणी तिने स्वतःच सांगून टाकलं, की या सगळ्याचा आपल्याला कंटाळा आलाय.

त्या पहिल्या वर्षीचा थाट मात्र जत्रेचाच. समुद्रातून तराफ्यावर वरुणराजा, म्हणजे त्यांचा नेपच्यून, अवतरला. हे सोंग घेतलं होतं हडसन मॅक्झिमने. बिनधुराच्या स्फोटकांवर काम करणारा, स्फोटात डावा हात गमावलेला ६८ वर्षांचा संशोधक. मॅक्झिम मशीनगनवाल्या हायरमचा हा भाऊ. आता यांचा सौंदर्याशी संबंध काय, ते विचारू नका.

ढोंग खरं पुढे आहे. तिथल्या किनाऱ्यावर बाईने गुडघे उघडे ठेवायला बंदी होती. त्याच सप्टेंबरच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसहून आलेल्या एका बाईंनी मोजे वर ओढायला नकार दिला, तर त्यांची रवानगी थेट तुरुंगात. आणि चारच दिवसांनी, स्पर्धेपुरता, हा नियम बाजूला ठेवला गेला. गुडघे तेच, फक्त आता ते बघायला लोक रेल्वेचं तिकीट काढून येणार होते.

गुण कसे देत? सुरुवातीच्या वर्षांतला तक्ता उपलब्ध आहे. डोक्याची ठेवण १५, डोळे १०, केस, नाक आणि तोंड प्रत्येकी ५, चेहऱ्यावरचे भाव १०, धड, पाय, बाहू आणि हात प्रत्येकी १०, चालण्या-वावरण्यातली ऐट १०. बेरीज बरोबर १००. बोलण्याला शून्य. पहिल्या वर्षीचा मुख्य परीक्षक हॉवर्ड चँडलर ख्रिस्टी हा मासिकांसाठी मुलींची चित्रं काढणारा नामांकित चित्रकार, त्यामुळे हे कोष्टक चित्रकाराच्या वहीतून उचलल्यासारखं दिसतं. आता १९२३ चा विचार करा. सत्तरहून अधिक मुली, प्रत्येकीचे अकरा रकाने, म्हणजे एकेका परीक्षकाने पावणेआठशेच्या आसपास आकडे भरायचे. सत्तर जणींच्या ‘हातांना’ दहापैकी वेगवेगळे गुण कसे देणार? माझ्या मते निकाल चेहऱ्यावर आधीच लागत असणार आणि रकाने मागाहून भरले जात असणार.

अशा तक्त्याचं व्हायचं तेच झालं. मोजपट्टी तीच, मुलगी तीच, तर निकालही तोच. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराची मेरी कॅथरीन कॅम्पबेल १९२२ मध्ये जिंकली, १९२३ मध्येही जिंकली आणि १९२४ मध्ये थोडक्यात हुकली. मग नियम आला: एकदा जिंकलेलीने पुन्हा उतरायचं नाही.

१९२३ चा दुसरा घोळ जास्त मजेदार. ‘मिस अलास्का’ प्रत्यक्षात न्यूयॉर्कला राहणारी आणि विवाहित निघाली. बॉस्टनच्या मिसला तर घरी तान्हं मूल. त्यावर अविवाहित असण्याची अट आली. रहिवासाची भानगड मात्र १९३३ पर्यंत पुरली. त्या वर्षी आयोवा, इलिनॉय आणि आयडाहोच्या मुली भलत्याच राज्यातल्या निघाल्या म्हणून बाद झाल्या, आणि मुकुट गेला मॅरियन बर्जेरॉनला. तिचं वय १५! त्याच रात्री तो मुकुट चोरीला गेला. मग वयाची अट.

मधली काही वर्षं स्पर्धाच बंद होती. १९२६ ची विजेती नॉर्मा स्मॉलवूड पुढच्या वर्षी मुकुट चढवायला यायचे ६०० डॉलर मागू लागली. नाही मिळाले तर एका मेळ्याचं आमंत्रण घेऊन निघून गेली. मला तर यात काही गैर दिसत नाही, तिच्या नावावर सगळं गाव कमवत होतंच. पण बदनामी होते म्हणून १९२८ मध्ये हॉटेलवाल्यांनी २७ विरुद्ध ३ मतांनी स्पर्धा गुंडाळली. ज्यांच्या खोल्यांसाठी सुरू केली, त्यांनीच.

१९३७ मध्ये बेट्टी कूपर ही १७ वर्षांची विजेती त्याच रात्री सोबतीला दिलेल्या तरुणाच्या मदतीने पसार झाली. सकाळी फोटोग्राफर हजर, सिंहासन रिकामं. त्यानंतर प्रत्येक मुलीमागे एक प्रतिष्ठित बाई राखणीला, आणि पुरुषांशी, अगदी वडिलांशीही, एकटीने बोलायला मनाई.

एका नियमामागे मात्र कुठलाही घोळ नव्हता. सातवा नियम: स्पर्धक निरोगी आणि गोऱ्या वंशाची हवी. तो थंड डोक्याने लिहिला होता. नॉर्मा स्मॉलवूड चेरोकी या मूळ अमेरिकी आदिवासी वंशाची, म्हणजे हा नियम लिहिणाऱ्यांच्या आधी परीक्षकांनी तिला मुकुट देऊन झाला होता. १९५० मध्ये नियम कागदावरून गेला, तरी अंतिम मंचावर पहिली कृष्णवर्णीय मुलगी उभी राहायला १९७० उजाडलं.

१९५० मध्येच जिंकलेल्या योलांड बेटबेझने पोहण्याच्या पोशाखात दौरा करायला नकार दिला. पोशाख पुरवणारी कॅटालिना कंपनी चिडून बाहेर पडली आणि तिने १९५२ मध्ये लाँग बीचला मिस युनिव्हर्स काढली. तिथे भारतातर्फे गेल्या होत्या नर्तिका इंद्राणी रेहमान. लग्न झालेल्या, आई असलेल्या. अटलांटिक सिटीच्या नियमांत त्या बसल्याच नसत्या.