मोहाचा प्रसंग अर्धाच सांगितला

‘स्कॉर्सेसीच्या १९८८च्या चित्रपटात येशू क्रूसावरून उतरून संसार थाटतो’ असं मार्टिन स्कॉर्सेसी या अमेरिकी दिग्दर्शकाच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’विषयी तुमच्या लेखात म्हटलंय, आणि वाक्य तिथेच संपतं. हे पटलं नाही. तो संसार म्हणजे सैतानाने देवदूताचं रूप घेऊन मरणाच्या क्षणी दाखवलेला मोह आहे. म्हातारा येशू शेवटी तो ओळखतो, मृत्युशय्येवरून सरपटत बाहेर येतो, मला क्रूसावरच मरू दे म्हणून देवाची करुणा भाकतो आणि क्रूसावरच प्राण सोडतो. हे गाळलं तर वाचकाला उलटाच चित्रपट कळतो. अशाच अर्धवट माहितीवर तेव्हा निदर्शनं झाली. पॅरिसमध्ये तर चित्रपटगृह पेटवलं, प्रेक्षक जखमी झाले. कथा शुभवर्तमानांवर, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांवर, आधारित नाही, हे सुरुवातीलाच पडद्यावर लिहिलेलं असूनही!

मी वसईची, कॅथलिक. येशूची शिष्या मग्दालियाची मरिया हिचे चित्रपटातले प्रसंग मलाही खटकले, कोणी दुखावलं तर मी समजू शकते. पण माणसासारखा व्याकूळ होणारा येशू हा काही चित्रपटाचा शोध नाही. अटकेआधी गेथशेमाने बागेत घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडेपर्यंत प्रार्थना करणारा येशू शुभवर्तमानात लूकनेच लिहून ठेवलाय. दर गुड फ्रायडेला ‘क्रूसाची वाट’ या प्रार्थनेत, क्रूस वाहताना तीनदा कोसळणाऱ्या त्याच माणसापुढे आम्ही गुडघे टेकतो.