फायबर पोस्ट सुटते म्हणून स्क्रू नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

रूट कॅनॉल केलेल्या दाताच्या मुळात बसवायच्या पोस्टबद्दल (वर बांधलेला भाग धरणारी काडी) तुम्ही लिहिलंत, तंतूंची फायबर पोस्ट शहरातल्या दातांना ठीक. इकडे दिवसभर खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) चघळणाऱ्यांच्या तोंडात ती सुटते, धातूची स्क्रू पोस्ट मात्र हलत नाही. सुटते, हे खरंच आहे. पण सुटलेली पोस्ट बहुतेकदा पुन्हा बसवता येते. उभं चिरलेलं मूळ उपटावंच लागतं. स्क्रू हलत नाही तो आटे डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थरात, रुततात म्हणून. स्टील डेंटिनपेक्षा सुमारे दहापट ताठ. सुपारी दाताखाली आली की पोस्ट वाकत नाही, ताण मुळावर जातो आणि स्क्रू पाचरीसारखा काम करतो.

फायबर सुटण्यामागे बरेचदा चिकटवण्यातली चूक असते. कॅनॉलचं (मुळातल्या पोकळीचं) शेवटचं धुणं जंतुनाशक हायपोक्लोराईटचं असेल तर मागे राहिलेला ऑक्सिजन पोस्ट चिकटवणाऱ्या रेझिन सिमेंटला नीट घट्ट होऊ देत नाही. म्हणून १७ टक्के ईडीटीए (भिंतीवरचा साका काढणारं द्रावण) एक मिनिट, मग डिस्टिल्ड वॉटर, आणि पेपर पॉइंट (टोकदार कागदी काडी) कोरडा निघेपर्यंत पुसणं. नुसती हवा मारून तळ कोरडा होत नाही. युजेनॉलवाल्या (लवंग तेलातलं द्रव्य) सीलरचा, म्हणजे कॅनॉल बंद करणाऱ्या लेपाचा, थर भिंतीवर राहिला तरी हेच होतं. पोस्ट स्पिरिटनं पुसल्यावर बोट लावू नका. ड्युअल क्युअर सिमेंट (प्रकाशानं आणि आपोआपही घट्ट होणारं) बारीक टिपनं तळापासून भरा. लोडशेडिंगच्या दिवसांत एक जास्तीचं : बॅटरी उतरलेली क्युअरिंग लाईट (सिमेंट घट्ट करणारा दिवा) निळी दिसते, पण कोअर (पोस्टवर बांधलेला दाताचा गाभा) कच्चा राहतो.

आणि फेरूल, म्हणजे कॅपच्या पकडीत येणारा दाताचा पट्टा! हिरडीच्या वर चहूबाजूंनी २ मिमी निरोगी दात उरला नसेल, तर फायबर काय नि धातू काय, पेशंटचा पैसा वायाच जातो. पोस्ट दात मजबूत करत नाही, फक्त कोअर धरून ठेवते. त्यासाठी कॅनॉल रुंद करू नका, तळाशी ४ ते ५ मिमी गट्टा पर्चा (कॅनॉलमधलं रबरासारखं भरण) राहू द्या. दाढेत बहुधा पोस्ट लागतच नाही. कोअर धरायला पल्प चेंबर (दाताच्या मधली पोकळी) पुरेसा खोल असतो.

एका बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. फाकलेल्या, लंबगोल कॅनॉलमध्ये बारीक फायबर पोस्ट जाड सिमेंटात तरंगते. तिथे कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) चढवून पोस्ट कॅनॉलच्या मापाची करा, नाहीतर कास्ट पोस्ट (मापानुसार ओतलेली धातूची). कास्टला मात्र लॅब आणि दुसरी फेरी लागते. पेरणीच्या दिवसांत मजुरी बुडवून पेशंट येत नाही आणि तात्पुरत्या सिमेंटखालून लाळ आत शिरते.

सुटलेल्या पोस्ट जपून ठेवल्या असतील तर नीट बघा. सिमेंट पोस्टला चिकटून आलं असेल तर चूक कॅनॉलच्या भिंतीवर. पोस्ट कोरी निघाली असेल तर पोस्ट पुसण्यात किंवा सिलेनमध्ये (पोस्ट आणि सिमेंट जोडणारं रसायन). काय दिसतं ते कळवा.