माळाला माणसं हवीत

मृग लागला की सोलापूरहून खड्ड्यांचे, रोपांचे आणि फावडं धरून उभ्या माणसांचे फोटो यायला लागतात. त्यांच्यामागोमाग दरवर्षीचा वादही येतो. एक बाजू म्हणते, उन्हाळ्यात शहर भाजून निघतं, दिसेल त्या उघड्या जागेवर झाडं लावा. दुसरी विचारते, मागच्या वर्षीची जगली किती? राज्याच्या मोहिमेचं लक्ष्य २०१६ साली २ कोटी रोपांचं होतं, मग ४ कोटी, मग १३, आणि २०१९ साली ३३ कोटी. तेव्हाही भांडण याच दोन प्रश्नांभोवती फिरलं. शिकागोजवळच्या घरात बसून हे वाचताना मला वाटतं, दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासताच धरून ठेवली आहे. ती म्हणजे माळ रिकामा आहे.

पाऊस झाल्यावर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर गेलेल्या माणसाला तो रिकामा वाटणार नाही. पवन्या, मारवेल ही गवतं उभी असतात, कुसळी कपड्यांत रुतते, धाविक पक्षी पायांपुढून पळत जातो. काळवीट आणि लांडगा याच गवताच्या आधाराने जगतात. माळढोकासाठी इथे १९७९ साली अभयारण्य झालं. हा पक्षी जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच, आणि त्याला लांबवर नजर पोचेल अशी उघडी जमीन लागते. अशा माळांवर आपण हिरवाईच्या नावाने गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली. वेडी बाभूळ तर स्वतःच पसरत गेली. माळढोक आता सोलापुरात जवळजवळ दिसेनासा झाला. त्याला कारणं बरीच आहेत, पण गवताची जमीन आटत गेली हे त्यातलं मोठं कारण.

मी राहते त्या इलिनॉय राज्याचं टोपणनावच ‘प्रेअरी स्टेट’ आहे. प्रेअरी म्हणजे इथलं माळरान. एके काळी सुमारे २ कोटी २० लाख एकर होतं. नांगराखाली जाता जाता मूळ रूपात, चांगल्या अवस्थेत जेमतेम अडीच हजार एकरांच्या आसपास उरलं. १९७७ साली स्टीव्ह पॅकार्ड नावाच्या माणसाने काही स्वयंसेवकांना घेऊन शिकागो नदीच्या उत्तर फाट्याकाठचे उरलेसुरले तुकडे साफ करायला घेतले. ते काम अजून चालू आहे, आणि त्याच्यासारखे आता इथे बरेच गट आहेत. मी त्यांतल्या एका गटात जाते.

काम साधं आहे. रविवारी सकाळी तीन तास. थंडीत बकथॉर्न नावाचं युरोपातून आलेलं झुडूप करवतीने कापायचं, खोडाच्या कापलेल्या तोंडाला औषध लावायचं म्हणजे ते पुन्हा फुटत नाही, फांद्यांचा ढीग करून जाळायचा. शरद ऋतूत गवताचं आणि रानफुलांचं बी हाताने ओरबाडून पिशव्यांत भरायचं, आणि मोकळ्या केलेल्या जागेत फेकायचं. दर काही वर्षांनी प्रशिक्षण घेतलेली माणसं गवताला ठरवून आग लावतात. गवताची मुळं खोल असतात, ती वाचतात. झुडपं होरपळून मागे हटतात.

मुलं शिकायला बाहेर पडली आणि घर शांत झालं, तेव्हा मी इथे जायला लागले. महाराष्ट्र मंडळाने मला गणपती दिला, दिवाळी दिली, त्याचं ऋण आहेच. पण शेजार मला या गवताने दिला. निवृत्त पोस्टमन, एक नर्स, शाळकरी पोरं, युक्रेनहून आलेल्या एक आजी. कुणी कुणाला नोकरी विचारत नाही. काम संपलं की शेकोटीभोवती डबे उघडतात. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिथे आता माझ्याकडून हक्काने मागितली जाते. एखाद्या रविवारी मी गेले नाही तर संध्याकाळी फोन येतो. परदेशात आपण नसलेलं कुणाला तरी जाणवणं ही फार मोठी गोष्ट आहे.

इथेही सगळं गोडीने झालं नाही. नव्वदच्या दशकात ‘ही माणसं झाडं का तोडतात’ म्हणून रहिवासी संतापले आणि १९९६ साली कुक काउंटीने, म्हणजे शिकागोच्या जिल्हा प्रशासनाने, सगळं काम थांबवलं. काही ठिकाणची बंदी उठायला दहा वर्षं लागली. लोकांना रागावण्याचा हक्क होता. पण बंदी उठेपर्यंत टिकून राहिली ती दर आठवड्याला भेटणारी माणसंच.

हे सांगितल्यावर सोलापूरचा माझा मामेभाऊ म्हणाला, “ताई, तिकडं लोकांना वेळ हाय. इथं रविवारी माणूस दमून झोपतो.” त्याचं खोटं नाही. पण तोच भाऊ संक्रांतीच्या आधी कित्येक रात्री सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजाच्या सरावाला जातो. एवढी उंच, जड काठी कमरेला पेलायची तर सराव लागतोच, आणि तो एकट्याने होत नाही. ज्या सिद्धरामेश्वरांची ही यात्रा, त्यांनी बाराव्या शतकात माणसं जमवून तळं खोदलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ठरल्या वेळी जमून अंगमेहनत करणं सोलापूरकराला कुणी शिकवायची गरज नाही.

इथलं जसंच्या तसं तिकडे नेता येणार नाही, हेही खरं. अभयारण्याची हद्द आधी ८,४९६ चौरस किलोमीटर होती. त्यात गावंच्या गावं, शेतं, रस्ते सापडले, जमिनीचे व्यवहार अडले आणि लोक माळढोकावरच चिडले. पुढे हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आली, पण तो राग गावांत मुरलेला आहे. वेडी बाभूळ कित्येक घरांचं सरपण आहे, ती तोडली तर लाकूड त्याच घरांत गेलं पाहिजे. आणि शिकागोच्या माळावर मेंढ्या नाहीत. आपल्याकडे कुठलं गवत कधी चरू द्यायचं आणि कधी राखायचं हे धनगर वस्तीतल्या म्हाताऱ्यांना जितकं कळतं तितकं इथल्या कुठल्या पुस्तकात नाही. शहरातल्या गटाने त्यांच्या हाताखाली काम करावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. अभयारण्यात वनखात्याशिवाय कुणी काही करू नये. पण शहराच्या आसपास गायरानं आहेत. त्यांतलं एक निवडून ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या आणि एक वार ठरवा. पावसाळ्यात कुठलंही रोप लावण्याआधी तिथे काय उगवतं ते बघा, लिहून ठेवा. दिवाळीच्या सुमारास गवत पिकेल तेव्हा बी गोळा करा. थंडीत कोवळी वेडी बाभूळ मुळासकट काढा. दहा माणसं पुरेत, पण तीच दहा माणसं पुन्हा आली पाहिजेत. गड्ड्याला मी जानेवारीत येते. तेव्हा काम चालू असेल तर हातमोजे घेऊन येईन, आणि करवत कशी धरायची ते दाखवीन.