वस्ती नाही, गल्ली बघा

उतरती कळा लागलेल्या भागात घर घ्यावं का? 'अजिबात नको' म्हणणारे आणि 'आत्ताच घे, पुढे सोनं होईल' म्हणणारे, दोघंही वस्तीबद्दल बोलत असतात. पण आपण घेतो ते एका गल्लीतलं एक घर, आणि एकाच वस्तीतल्या दोन गल्ल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

म्हणून आधी गल्लीतली घरं मोजा. एकूण किती, बंद किती? वीसात दोन बंद, तीही लांब लांब, तर फारसं बिघडत नाही. सलग तीन बंद आणि त्यांना चिकटून आपलं, तर मी नको म्हणेन. बंद घराचं छप्पर गळायला लागलं की बघायला कोणी नसतं. पाणी सामायिक भिंतीत मुरतं आणि ओल आपल्या बाजूला फुटते. अशा घरांतून तांब्याच्या वायरी आणि पाइप चोरीला जातात. चालू लाइनचा पाइप कापला गेला, तर पाणी दिवसेंदिवस वाहत राहतं आणि शेजारच्या पायाखाली जातं.

उलट, दोन-चार घरांना ताजा गिलावा, नव्या खिडक्या दिसल्या तर बरं वाटू द्या. राहणारे लोक स्वतःचा पैसा घालतायत, याहून भरवशाची खूण नाही. 'इथून मेट्रो जाणार' या एजंटच्या वाक्याची किंमत मात्र शून्य धरा.

गल्लीत तीनदा जा: कामाच्या दिवशी सकाळी, सुट्टीच्या आदल्या रात्री अकराला आणि जोरदार पावसानंतर. दारात बसलेल्या आजींना विचारा, पाणी कुठपर्यंत चढतं. त्यांना एजंटपेक्षा जास्त माहीत असतं.

घरात शिरल्यावर सगळीकडे जुना रंग आणि एकाच भिंतीला नवा, असं दिसलं तर तिथेच थांबा. बोटाने ठोकत जा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत पांढरे क्षार आणि वर आडवी डागाची रेघ असेल, तर ओल बहुधा जमिनीतून चढतेय. डाग वरच्या कोपऱ्यात असेल तर आधी छप्पर आणि पन्हळ तपासा. केसासारख्या भेगा बहुतेक वेळा गिलाव्यापुरत्या असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्यापायऱ्यांनी गेलेली, पाच मिलिमीटरपेक्षा रुंद भेग दिसली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.

आता हिशेब, कारण लोक फसतात ते इथेच. गल्लीतलं सगळ्यात चांगलं घर १०० ला विकलं गेलं असेल, तुम्ही ६० ला घेतलंत आणि दुरुस्तीला ५० लागले, तर ११० घालूनही हातात १०० चंच घर आहे. फरशी कितीही भारी लावा, आजूबाजूच्या भावाच्या फार वर भाव जात नाही. जुन्या घरात दुरुस्तीच्या अंदाजावर निदान २० टक्के वेगळे ठेवा. भिंत फोडल्यावरच वायरिंगची खरी अवस्था कळते. शिवाय बँकेच्या व्हॅल्युएशनमध्ये घराची किंमत कमी निघाली, तर कर्ज त्या आकड्यावर बसतं. वरचे पैसे तुमच्या खिशातून.

आणि सौदा ठरण्याआधी ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडायला लावा. घरातले सगळे नळ दहा मिनिटं सोडा, फ्लश ओढा आणि चेंबरशी उभे राहा. पाणी तुंबून वर यायला लागलं तर लाइन चोंदलीय, बसलीय किंवा झाडाच्या मुळांनी फोडलीय. मालक झाकण उघडू देत नसेल, तर लाइन खराब आहे असं धरूनच किंमत बोला.