मेंढपाळ पळाला, म्हणून देवही पळाला?

आमच्या जालन्याकडच्या ख्रिस्ती व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज दर काही महिन्यांनी फिरून येतो. 2021 च्या दुसऱ्या लाटेत पहिल्यांदा आला. आता कुठं चर्चच्या जमिनीची किंवा पैशाची भानगड कानावर आली की पुन्हा निघतो. मजकूर साधारण असा: 'कोरोनात सगळे पाळक (चर्चचे धर्मगुरू) घरात लपले. चर्चला कुलूप लावलं, म्हणजे त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. अशा ढोंग्यांच्या हातचा बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन काय कामाचं? मेंढपाळ पळाला तिथं देवही पळाला समजा. घरात बायबल वाचा, मंडळीची पायरी चढू नका.'

पहिल्यांदा आला तेव्हा मी स्वतः तो तीन जणांना पुढं पाठवला होता. का, ते आधी सांगते.

माझी मोठीआई मे 2021 मध्ये गेली. बेड मिळाला तोवर ऑक्सिजन सत्तरवर आलेला. रात्री अकरापासून पाळकसाहेबांना फोन लावत होतो, सकाळी तो बंदच लागायला लागला. कब्रस्तानात पीपीई किट घातलेले चौघे जण. चुलतभाऊ मोबाईलवर स्तोत्र 23 काढून उभा होता, पण हातमोज्यामुळं स्क्रीन सरकेना. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' इथवर वाचलं आणि अडकला. बोट घासतोय, चष्म्यावर वाफ धरलेली. फाटकाबाहेर आमचे रिटायर्ड गुरुजी उभे होते. पंचाहत्तरी उलटलेली, शुगर, मुलांनी आत जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी तिथूनच उरलेलं स्तोत्र मोठ्यानं म्हटलं, तोंडपाठ. संध्याकाळी ग्रुपवर पाळकसाहेबांचा मेसेज पडला: महिन्याच्या अर्पणासाठी क्यूआर कोड. मोठीआईचं नावसुद्धा त्यात नव्हतं.

त्यामुळं हा मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला कुणी समजावून सांगायला नको. त्याचा हिशोब मात्र चुकलाय.

'सगळे पाळक लपले.' सगळे नाही. आमचे लपले. त्याच एप्रिल-मेमध्ये देशभरात कितीतरी पाळक, फादर आणि सिस्टर आजाऱ्यांत वावरताना कोविडनं गेले. एवढं पुरे.

'चर्चला कुलूप, म्हणजे विश्वास नाही.' कुलूप पाळकानं लावलं नव्हतं, सरकारी आदेशानं लागलं होतं, आणि सगळ्यांनाच लागलं होतं. राज्यातली प्रार्थनास्थळं मार्च 2020 मध्ये बंद झाली, ती 16 नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडली. एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद, ती थेट 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला. पैठणहून नाथांच्या पादुका 2020 ला एसटीनं पंढरपूरला गेल्या, म्हणून वारकऱ्याची भक्ती आटली असं कुणी म्हटलं नाही.

पण इथं पाळकांच्या बाजूनं बोलणारेही हळूच निसटून जातात, म्हणून थोडं थांबते. चर्च बंद असणं वेगळं आणि फोन बंद असणं वेगळं. 1527 मध्ये जर्मनीत विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ दुसऱ्या गावी हलवलं, पण धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर गावातच राहिले. प्लेगमधून पळावं का, असं ब्रेस्लाऊच्या पाळकांनी विचारलं होतं, त्याला त्यांनी लांबलचक उत्तर लिहिलं. ते दोन्ही बाजूंनी टोचतं. औषध न घेता, काळजी न घेता उगाच साथीत शिरणं ही देवाची परीक्षा पाहणं आहे, असं ते बजावतात. म्हणजे 'येशूच्या रक्ताची सुरक्षा आहे, मास्क कशाला' म्हणणाऱ्यांना चपराक. आणि पाळकांबद्दल ते योहानाच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायाकडं बोट दाखवतात: उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी जीव देतो, मोलकरी लांडगा दिसला की पळतो. मागं पुरेसे लोक सेवेला असतील, तरच काहींनी गेलेलं चालेल.

आमच्या पाळकसाहेबांना डायबिटीस होता, हे नंतर कळलं. मग कब्रस्तानात नका येऊ, बाबा. पण दुसऱ्या कुणाला सांगून ठेवता आलं असतं. फोनवर दोन शब्द बोलता आले असते. ल्यूथरांच्या मापानं मोजलं तरी ते उणेच भरतात. हे मी नरम करून लिहिणार नाही.

'ढोंग्यांच्या हातचा बाप्तिस्मा काय कामाचा?' मेसेजमधला हा मुद्दा सगळ्यात जोरदार वाटतो, आणि नेमका हाच सतराशे वर्षं शिळा आहे. 303 मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियननं ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला आणि शास्त्राच्या पोथ्या जाळायला मागितल्या. उत्तर आफ्रिकेत काही बिशपांनी आणि पाळकांनी घाबरून त्या काढून दिल्या. छळ सरल्यावर भांडण पेटलं: असल्या माणसानं दिलेली पाळकपदाची दीक्षा, केलेला बाप्तिस्मा चालणार का? तिथल्या डोनाटस नावाच्या बिशपाच्या बाजूचे म्हणाले, बाद. 314 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या आर्ल गावी बिशपांची सभा भरली आणि तिनं दोन गोष्टी एकाच कलमात सांगितल्या. पोथ्या दिल्याचं सरकारी दप्तरातून सिद्ध झालं, तर त्या माणसाला पाळकपदावरून काढा. पण त्यानं ज्यांना दीक्षा दिली, त्यांची दीक्षा कायम. पुढं शंभरेक वर्षांनी उत्तर आफ्रिकेतल्याच बिशप ऑगस्टीनला हेच भांडण पुन्हा लढावं लागलं. त्याचं म्हणणं साधं होतं: हात कुणाचेही असोत, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो.

कलमाचा पहिला भाग आपण फार लवकर विसरतो. माणसाला काढा, असंही त्यात लिहिलंय! मोठीआईचा बाप्तिस्मा कुणी केला ते घरात कुणाला आठवत नाही. असेल कुणी तरी, चांगला किंवा वाईट. तिच्या साठ वर्षांच्या पहाटेच्या प्रार्थना त्या माणसाच्या खात्यावर जमा नाहीत, आणि आमच्या पाळकांचा बंद फोन तिच्या खात्यावर नावे पडत नाही.

मेसेज फिरला की तासाभरात दुसऱ्या बाजूचं उत्तर पडतं, तेही इथंच निकालात काढते, कारण मला त्याची जास्त चीड येते. 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.' म्हणजे देवानं नेमलेल्या पाळकांविरुद्ध बोलू नका. हात जोडलेल्या इमोजीसकट. हे वाक्य स्तोत्र 105 मधलं आहे. मागची-पुढची वचनं वाचा. तिथले अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब, या राज्यातून त्या राज्यात भटकणारी, मोजकी, परकी माणसं. आणि दम कुणाला दिलाय? राजांना. दुबळ्यांवर हात टाकू नका म्हणून बलवानांना दिलेली ताकीद आपण बलवानांची ढाल करून टाकली. दाविदानं आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजावर हात टाकला नाही हे खरं, पण गुहेबाहेर येऊन सगळ्यांसमोर त्याला जाब विचारलाच की. पुढं दाविद राजा झाल्यावर त्याच्या पापाबद्दल संदेष्टा नाथान त्याच्या तोंडावर म्हणाला, 'तो माणूस तूच.' प्रेषित पौलानं अंत्युखियात प्रेषित पेत्राला समोरासमोर विरोध केला. आणि यहेज्केलाचा चौतिसावा अध्याय तर आख्खा मेंढपाळांवर ठेवलेला आरोप आहे: चरबी तुम्ही खाता, लोकर तुम्ही पांघरता, पण दुखणाईताला बरं करत नाही, हरवलेल्याला शोधत नाही. तक्रार करणं ही विश्वास सुटल्याची खूण असती, तर शास्त्रातून निम्मी स्तोत्रं काढावी लागली असती. 'हे परमेश्वरा, कोठवर?' असं विचारणारा अजून त्याच्याशीच बोलत असतो.

'घरात बायबल वाचा, मंडळी नको.' लॉकडाऊनमध्ये हे आम्ही करून बघितलं. पहिला महिना बरं वाटलं. मग मुलं चादरीतून उपासना ऐकायला लागली, मग ऐकेनाशी झाली.

मंडळीतल्या मोठ्यांशी बिनसलेली माणसं आपल्याकडं काय कमी आहेत? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. दोनच वर्षांत त्यांनी तिथल्या सिस्टरला लिहिलं, की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, लगेच दुसरं तसलंच चढवून घ्यायची माझी तयारी नाही. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली. पण टिळक घरात दार लावून बसले नाहीत. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवायला. आणि आमच्या जालन्याजवळ मिशनरी नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाचं गाव वसवलं ते ख्रिस्ती कुटुंबांसाठी. प्रत्येकानं आपापल्या घरात पुस्तक उघडून भागलं असतं, तर आख्खं गाव वसवायचा खटाटोप कुणी कशाला केला असता?

खेड्यातल्या मंडळ्यांना तर पाळक महिन्यातून एकदा दिसतो. बाकीचे रविवार कुणी गुरुजी, कुणी मावशी चालवते. फाटकाबाहेरून स्तोत्र म्हणणारे गुरुजी तिथंच तयार झालेले. मेसेज म्हणतो त्या पायरीवर पाळक एकटा उभा नसतो, तेही असतात. त्यांना सोडून मी कुठं जाऊ?

म्हणून मी मेसेज पाठवलेल्या तिघांना फोन करून सांगितलं, की मी तो विचार न करता पाठवला होता. त्यातल्या दोघांनी आणि मी मिळून मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीला अर्ज दिला. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात मंडळीच्या वडिलांवरच्या, म्हणजे पुढाऱ्यांवरच्या, आरोपाला दोन-तीन साक्षी लागतात असं आहे, म्हणून सह्या तीन. मागणी एवढीच: एप्रिल-मे 2021 मध्ये मंडळीतले किती गेले, कुणाच्या मातीला कोण गेलं, मदतनिधी किती जमला आणि कुणाला दिला. पहिल्या अर्जाला उत्तर नाही. दुसऱ्यानंतर हात जोडलेली इमोजी. तिसऱ्यानंतर दीड पानाचा हिशोब आला, त्यात सगळ्यात मोठा आकडा 'इतर' या रकान्यात.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर वार्षिक सभा आहे. गुरुजींना न्यायला मी रिक्षा सांगून ठेवलीय. परवा त्यांचा फोन आला, 'पोरी, माझा जवळचा चष्मा आठवणीनं घ्यायला लाव. त्यांची अक्षरं लई बारीक असतात.'